सरपणाची बेगमी : कुऱ्हाडीपासून चुलीपर्यंत

घरोघरी गॅस आला, तरी गोव्याच्या ग्रामीण भागातील न्हाणीघरातली चूल अजून विझलेली नाही. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, पेडणे या तालुक्यांत आंघोळीचे पाणी आजही अनेक घरांत तांब्याच्या भाणात लाकडावर तापते. उकड्या तांदळासाठी भात उकडणे, चतुर्थीचा मोठा स्वयंपाक, काजूच्या हंगामातली भट्टी आणि पाववाल्याची भट्टी ही कामेही बहुतांशी सरपणावरच चालतात. पावसाळ्यापूर्वी करायच्या पुरुमेंताच्या बेगमीत मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्याइतकाच सरपणाला मान होता, तो याच कारणाने.

मात्र ही बेगमी करण्याची पद्धत विस्कळीत होत चालली आहे. मे महिन्याच्या अखेरीस झाड तोडायचे, जूनमध्ये ते प्लॅस्टिकखाली झाकायचे आणि जुलैत धुराने डोळे चोळत चूल फुंकायची, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. त्यात लाकूड वाया जाते, श्रम वाया जातात आणि धूर मात्र घरातल्या माणसांच्या, विशेषतः चुलीपाशी बसणाऱ्या बायकांच्या छातीत जातो. सरपण तोडणे, वाहणे, फोडणे आणि रचणे यामागे एक साधे शास्त्र आहे. ते समजून घेतल्यास निम्म्या लाकडात तेच काम होऊ शकते.

ओले लाकूड का जळत नाही?

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मे वजन पाण्याचे असते. झाडाच्या जातीप्रमाणे हे प्रमाण कमी-अधिक होते. हवेत नीट वाळलेल्या लाकडात ते २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येते. ओले लाकूड चुलीत घातले की आधी त्यातले पाणी तापून वाफ होऊन निघून जावे लागते आणि त्यात उष्णता खर्च होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु खरा तोटा त्याहून मोठा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, एक किलो ओल्या लाकडात प्रत्यक्ष लाकूड अर्धा किलोच असते. उरलेले वजन पाण्याचे. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून १४ ते १५ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर पूर्ण ओल्या लाकडापासून जेमतेम ८. दुसरी गोष्ट ज्वालेच्या तापमानाची. लाकूड तापले की त्यातून जळणारे वायू बाहेर पडतात आणि पिवळी ज्वाला म्हणजे या वायूंचेच जळणे. ओलाव्यामुळे चुलीचे तापमान पुरेसे चढले नाही, तर हे वायू न जळताच बाहेर पडतात. आपण ज्याला धूर म्हणतो, त्यात हे न जळलेले इंधनच असते. भांड्याच्या बुडाला आणि धुराड्याला चिकटणारी चिकट काजळीही त्यातूनच येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. सुके लाकूड वापरल्याने धूर संपत नाही. परंतु तो लक्षणीय घटतो. म्हणून सरपण वाळवणे ही काटकसर तर आहेच, पण त्याहून अधिक ती आरोग्याची बाब आहे.

घराला किती लाकूड लागते?

अंदाज नसल्यामुळे गरजेपेक्षा जास्त तोड होते. त्यामुळे हिशेब आधी मांडावा. समजा, एका कुटुंबाला आंघोळीसाठी रोज १०० लिटर पाणी तापवायचे आहे आणि ते २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत न्यायचे आहे. त्यासाठी प्रत्यक्ष लागणारी उष्णता साधारण साडेआठ मेगाज्यूल. साध्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी १२ ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे रोज सुमारे ४ किलो सुके लाकूड लागेल. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांसाठी हा आकडा ५०० किलोच्या जवळ जातो. नीट रचलेल्या एका घनमीटर ढिगात, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच थरात, पोकळी वजा जाता अकेशियासारखे जड लाकूड ४०० ते ४५० किलो बसते. म्हणजेच पावसाळ्यातल्या आंघोळीसाठी सव्वा घनमीटरचा ढीग पुरेसा आहे. मध्यम जाडीच्या दोन-तीन झाडांतून किंवा वर्षभर केलेल्या छाटणीतून एवढे सरपण निघते.

चुलीत सुधारणा केली तर हा आकडा आणखी खाली येतो. भांडे बसेल एवढेच तोंड, खालून हवा येण्यासाठी जाळी आणि छपराच्या आढ्यापेक्षा उंच नेलेले धुराडे एवढ्या तीन गोष्टींनी चुलीची कार्यक्षमता वाढते. शिवाय, तोंडाशी लाकडे कोंबून भरल्यास हवा अडते आणि धूर वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

कोणते झाड, कोणाच्या परवानगीने?

झाड आपल्या आवारात आहे म्हणून ते हवे तेव्हा तोडता येत नाही. ‘गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४’ अन्वये खासगी जमिनीतील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी लागवड करण्याचे बंधन येते. माडाला २०१६ मध्ये या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले होते. त्यावर मोठा वाद झाला आणि पुढच्या वर्षी सरकारने तो निर्णय फिरवला. त्यामुळे ‘माडाला परवानगी लागत नाही’ या ऐकीव समजुतीवर विसंबू नये. लाकूड वाहनाने अन्यत्र न्यायचे असल्यास वाहतूक परवान्याची चौकशीही वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात आधीच करावी.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर, बोंडला यांसारख्या अभयारण्यांच्या हद्दीत नियम अधिक कडक आहेत. तेथे पडलेले लाकूडदेखील मोकळी मालमत्ता समजू नये. ज्या वननिवासी समाजांचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मान्य झाले आहेत, त्यांची स्थिती वेगळी आहे. त्या कायद्याने गौण वनोपजात काटक्या-झुडपे आणि खोडक्यांचाही समावेश केला आहे. इतरांनी मात्र सरपणासाठी जंगलाकडे न पाहता आवाराकडे पाहावे, हेच योग्य.

आवारातून मिळणारे सरपण पुष्कळ असते. माडाच्या झावळ्यांचे देठ, सोडणे आणि करवंट्या, काजूबागेतील वाळक्या फांद्या, आंब्या-फणसाची छाटणी, वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या हे सर्व त्यात येते. कुंपणाला गिरिपुष्प लावल्यास कापल्यावर ते पुन्हा जोमाने फुटते. पाला खत म्हणून उपयोगी पडतो आणि फांद्या चुलीला येतात. गेल्या काही दशकांत रस्त्यांच्या कडेला आणि खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवर लावलेल्या अकेशियाच्या फांद्या वादळात सहज मोडतात. या झाडाचे लाकूड जड असते आणि एकसारखे जळते, त्यामुळे सरपण म्हणून ते उत्तम. समुद्रकाठच्या सुरूचे लाकूडही कडक निखारा देते. माडाचे खोड मात्र फसवे. बाहेरून ते टणक, पण आतून स्पंजासारखे पाणी धरून ठेवणारे असते. उभे चिरून ठेवल्याशिवाय ते वाळत नाही, कुजते.

काही लाकडे घरात आणूच नयेत. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. कण्हेरीच्या सर्व भागांत विष असते. काजूच्या बियांच्या टरफलात दाहक तेल असल्याने त्यांचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. रंग दिलेली फळी आणि प्लायवूड यांतील रसायने धुरात उतरतात. विस्तव पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी वापरण्याची सवय तर पूर्णपणे मोडायला हवी. सोडणाच्या काथ्याने किंवा वाळक्या झावळीने तेच काम होते.

कधी तोडावे?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकूड छपराखाली ठेवले तरी त्याचा ओलावा २० टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. त्याखाली सहसा जात नाही. म्हणजे पावसाळा हा वाळवण्याचा नव्हे, आधी वाळवलेले जपण्याचा काळ. वाळवण्याचे महिने नोव्हेंबर ते मे. या काळात उभे फोडून रचलेले लाकूड दोन ते चार महिन्यांत वाळते. म्हणून तोडणी डिसेंबर-जानेवारीत आटोपावी. फार उशीर म्हणजे फेब्रुवारीची अखेर.

मेमध्ये वादळाने पडलेले झाड त्याच पावसाळ्याचे सरपण ठरत नाही. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शेकडो झाडे उन्मळून पडली. त्यानंतर पाऊस येईपर्यंत जेमतेम तीन आठवडे हाती होते. अशा वेळी लाकूड त्वरित बारीक फोडून छपराखाली ठेवावे आणि त्याचा उपयोग पुढच्या वर्षी करावा. वाळके सरपण आधी, हे पुढे, असा क्रम लावावा.

तोडताना जिवाची काळजी

सरपणाच्या कामात सर्वांत मोठा धोका तोडणीत असतो. उभे मोठे झाड, घरावर किंवा रस्त्यावर झुकलेले झाड आणि विजेच्या तारांजवळचे झाड या तीन बाबतींत स्वतः प्रयोग करू नयेत. तारेला टेकलेल्या फांदीला हात लावण्यापूर्वी वीज खात्याला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. अग्निशमन दलाची मदतही घेता येते.

मोकळ्या जागेतले लहान झाड तोडतानाही काही नियम पाळावे लागतात. झाड ज्या दिशेला पाडायचे, त्या बाजूला आधी पाचरीच्या आकाराची खाच घ्यावी. तिची खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी असावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या पातळीपेक्षा थोड्या वरून काप घ्यावा आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी पट्टी न कापता सोडावी. हीच पट्टी बिजागरीसारखे काम करून झाडाला ठरल्या दिशेला नेते. ती पूर्ण कापली गेली, तर झाड कुठेही वळू शकते. आजूबाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे आणि मागे तिरके हटण्याची वाट आधीच मोकळी केलेली असावी.

वादळात पडलेले झाड निर्जीव दिसले, तरी त्यात ताण साठलेला असतो. वाकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली आणि दुसरी ताणलेली असते. आधी दबलेल्या बाजूने थोडा काप घेऊन नंतर ताणलेल्या बाजूने कापावे. उलट केल्यास फांदी उसळून अंगावर येते. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापताच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात आपटू शकतो, म्हणून त्यामागे कोणी उभे राहू नये. यांत्रिक करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत क्षणात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा आणि पायात जाड बूट नसताना ती हाती घेऊ नये; एकट्याने तर मुळीच नाही.

छाटणीनंतर उरलेला पालापाचोळा जागेवरच पेटवून देण्याची सवयही घातक आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि परिसरात लागलेल्या वणव्यांनी उन्हाळ्यात आग किती वेगाने पसरते, हे दाखवून दिले. पाला झाडांच्या अळ्यांत आच्छादन म्हणून टाकावा.

वाहणे आणि फोडणे

सरपण घरापर्यंत आणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या डोक्यावर राहिले आहे. डोक्यावरच्या मोळीचा सारा भार मानेच्या मणक्यांवर येतो आणि चुंबळीने तो फक्त विभागला जातो, कमी होत नाही. श्रम वाचवण्याचा साधा उपाय असा की, लाकूड तोडल्या जागीच हव्या त्या लांबीचे करून, फोडून, तेथेच दीड-दोन महिने रचून ठेवावे. त्या अवधीत पाण्याचा मोठा भाग निघून जातो आणि वाहायचे वजन पुष्कळ घटते. मग हातगाडी किंवा टेंपो वापरून एका खेपेत ते घरी आणावे. जेथे वाट नाही, तेथे तरी लहान मोळ्या आणि अधिक खेपा हाच शहाणपणा.

ओंडके चुलीच्या मापाचे, दीड ते दोन वीत लांबीचे करावेत. लाकडातले पाणी सालीतून क्वचितच निघते. झाडाच्या उभ्या नळ्यांतून, म्हणजे कापलेल्या तोंडांतून, ते आडव्या दिशेपेक्षा दहापट किंवा त्याहून वेगाने बाहेर येते. म्हणून लांब अखंड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओला राहतो आणि आखूड ढलप्या दोन महिन्यांत वाळतात. मनगटापेक्षा जाड असलेले प्रत्येक लाकूड फोडावेच.

फोडण्यासाठी गुडघ्याएवढा उंच, सपाट ठोकळा घ्यावा आणि त्याच्या मागच्या कडेवर लाकूड उभे ठेवावे. घाव चुकला, तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतते, पायावर येत नाही. पाय फाकवून उभे राहावे, घाव घालताना गुडघे किंचित वाकवावेत. मोठ्या ओंडक्याच्या मध्यभागी घाव घालण्याऐवजी कडेकडेने ढलप्या काढाव्यात. गाठ असेल तर पाचर ठोकावी. बरीचशी लाकडे ओली असतानाच सोपी फुटतात. वाळल्यावर ती चिवट होतात. कुऱ्हाडीचा दांडा सैल नाही ना, हे दर वेळी पाहावे. बांबू जाळायचा असल्यास त्याची पेरे आधी चिरावीत, नाहीतर आत कोंडलेली हवा तापून ती फुटतात.

रचण्याची रीत

ढीग आणि रचाई यांत फरक आहे. ढिगात हवा खेळत नाही, रचाईत खेळते. जमिनीवर चिरे मांडून त्यांवर पोफळीचे किंवा माडाचे वासे आडवे टाकावेत, म्हणजे लाकूड वीतभर उंच राहील आणि जमिनीची ओल व वाळवी दूर राहील. भिंतीपासूनही वीतभर अंतर सोडावे. भिंतीला टेकवलेली रचाई म्हणजे वाळवीला घरात येण्याचा रस्ता. रचाईच्या दोन्ही टोकांना एक थर उभा, एक थर आडवा असे चौकटीसारखे खांब उभारावेत. मधली लाकडे त्यांच्या आधाराने राहतात. उंची छातीपेक्षा जास्त नसावी. कापलेली तोंडे वाऱ्याच्या दिशेला यावीत.

सर्वांत जास्त चूक झाकण्यात होते. लाकडाला चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळले की दिवसा निघालेली वाफ रात्री आतल्या बाजूला पाणी होऊन पुन्हा लाकडावर पडते आणि बुरशी येते. छप्पर वर हवे, बाजू मोकळ्या हव्यात. मांगराच्या पडवीत, किंवा पत्र्याचे एकपाखी छप्पर उभारून रचाई करावी. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या एका बाजूला झावळ्यांची झापे लावावीत. त्यांतून वारा येतो, पाणी येत नाही. रोजच्या वापराची दोन-तीन दिवसांची लाकडे चुलीपासून सुरक्षित अंतरावर, उबेत आणून ठेवावीत. जुने आधी, नवे नंतर हा नियम कटाक्षाने पाळावा. रचाईवर खडूने महिना लिहून ठेवल्यास गोंधळ होत नाही.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत. तोंडावर मध्यापासून कडेकडे भेगा पडतात, साल सुटते, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. पण खात्रीचा मार्ग वजनाचा. रचाईतील दोन-तीन ढलप्यांवर खूण करून दर आठवड्याला त्या काट्यावर तोलाव्यात. वजन उतरणे थांबले की लाकूड हवेत वाळायचे तेवढे वाळले.

रचाईच्या पोकळ्यांत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप गोव्यात आढळतात. त्यामुळे अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. काठीने आधी ठोकावे, विजेरी वापरावी, लाकूड वरच्या थरातून घ्यावे. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरणे, चोखणे हे प्रकार न करता तो अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

राखेपर्यंतचा हिशेब

बंद न्हाणीघरात निखारे धुमसत ठेवणे जिवावर बेतू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. वरच्या झरोक्याची वाट कायम मोकळी असावी. राख पत्र्याच्या डब्यात काढून दोन दिवस थंड होऊ द्यावी आणि मगच माडाच्या अळ्यात किंवा परसात टाकावी. तिच्यात पालाश असते आणि गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला तिचा थोडा अल्कधर्मी गुण मानवतो. मात्र एकाच जागी रोज टाकू नये आणि युरियात मिसळू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

ज्या घरात चूल पेटणारच आहे, त्या घराने पुढच्या पावसाळ्याच्या सरपणाचा विचार चतुर्थी झाली की सुरू करावा. परवानगीचा अर्ज ऑक्टोबरात, तोडणी डिसेंबरात, फोडणी आणि रचाई जानेवारीत, छपराची डागडुजी एप्रिलमध्ये, एवढे वेळापत्रक पाळले, तर जुलैतल्या मुसळधार पावसातही काडी एकदाच ओढावी लागेल.